यावा

आपण जावा म्हणतो.
तिच्या माहेरी, चेक मुलखात, तिला यावा म्हणतात.
फरक एका अक्षराचा.

ही मात्र तीस वर्षं ना आली ना गेली.
शेळ्यांच्या गोठ्यात, बटाट्याच्या पोत्यांमागे,
घोड्याच्या फाटक्या घोंगडीखाली उभी.
सहकारी शेतसंस्था बुडाली त्या हिवाळ्यात
क्वेतोस्लावानं तिला आत ढकललं,
टाकीतलं पेट्रोल गवत कापायच्या मशीनला घातलं
आणि कडी लावली.

त्याआधी चौदा वर्षं
क्वेता हिच्यावरून गावोगाव गायी फळवत हिंडली.
मागे पट्ट्यांनी आवळलेला नायट्रोजनचा डबा,
डब्यात सतरा वळू,
झाकणातून पांढरी वाफ.
पोरं ओरडायची, बैल आला, बैल आला!
ती हॉर्न वाजवायची.

आता चौऱ्याहत्तर.
रविवारची बस बंद झाली, एवढंच निमित्त.

शेजारचा ओताकार आला, निवृत्त, विषय पदार्थविज्ञान.
प्लग पुसला. ठिणगी होती.
अकराव्या किकला गाडी खोकली,
निळा धूर, कोंबड्या सैरावैरा.
क्वेतानं क्लच दाबला, पहिला गिअर टाकला,
आणि गाडीनं तिला थेट
सरपणाच्या ढिगावर नेऊन घातलं.
क्लच दाबलाय की नाही
याच्याशी गाडीला काही देणंघेणं नव्हतं.

चकत्या चिकटल्यात, ओताकार म्हणाला.
याला आसंजन म्हणतात.
क्वेता म्हणाली, ढकल.

उतारावर ढकललं, दुसऱ्या गिअरात,
क्लच आवळून, मध्येच ब्रेक.
मागचं चाक फरफटत आलं, चकत्या ढिम्म.
मग सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून
क्लचचा दांडा हँडलला बांधला, रात्रभर.
मध्यरात्री ओताकारला जाग आली
तर त्याचीच मूठ वळलेली.
सकाळी चकत्या होत्या तशाच.

शेवटी डावीकडचं झाकण.
एका स्क्रूचा माथा आधीच गुळगुळीत, तो छिन्नीनं.
आतून तेल आलं, काकवीसारखं,
वासात थोडी शेळी.
पाच स्प्रिंगा सोडवायच्या होत्या.
चार निघाल्या.
पाचवी टण्णकन उडाली ती कडब्यात गेली.

आणि मग त्या:
बुचाचे तुकडे बसवलेल्या, मध्ये पोलादी,
अशा एकीवर एक, जणू एकाच धातूचं भांडं.
लोणी लावायची बोथट सुरी
क्वेतानं कडेनं आत सरकवली,
फिरवली, थांबली, पुन्हा फिरवली.
पहिली सुटली तेव्हा आवाज आला
ओला पाय चिखलातून उपसल्यासारखा.

तीस वर्षं एकमेकींना इतकं धरून बसल्यावर,
ओताकारनं सुरुवात केली.

बॅटरी नीट धर, क्वेता म्हणाली,
आणि दृष्टांत देऊ नकोस.

चकत्या जॅमच्या कढईत, नव्या तेलात, दोन रात्री.
कडबा तीनदा चाळला. स्प्रिंग नाही.
चारांवरच बसवलं सगळं,
केबल ओढली, पाव फेरा सैल केली.
पोलादी एक चकती थोडी वाकडी होती,
तीही गेली आत, काय करणार.

अंगणात गाडी सुरू.
क्वेतानं क्लच दाबला. पहिला गिअर.
खट्.
इंजिन धडधडतंय, गिअर पडलाय,
आणि गाडी जागची हलत नाही.
दोघं बघत राहिले.
इतक्या खटपटीनंतर, एक न हलणारी गाडी.
यालाच दुरुस्त म्हणतात.

बस, ती म्हणाली.
डब्याची जागा रिकामीच होती.

अजूनही दर रविवारी
चर्चच्या चढावर क्लच घसरतो.
इंजिन ओरडतं, चाक ऐकत नाही.
ओताकार उतरतो, टोपी सावरतो,
मागून चालत येतो, वाटेत एकदा दम खातो.
वर, लिंडेनच्या झाडाखाली, ती थांबलेली असते,
गिअर तसाच,
क्लच मुठीत.